चौकडीच्या कापडावर जन्मलेले शब्द

बँकेत चेक भरायचा, प्रवासाला निघण्यापूर्वी गाडीच्या चाकांतली हवा चेक करायची आणि हे सगळे चेक्सचा शर्ट घालून. एका वाक्यात एकच इंग्रजी शब्द तीन वेळा येतो, तिन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा असतो आणि मराठी बोलणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. इंग्रजी शिकणाऱ्याला मात्र खटकते. बोर्ड म्हणजे फळा, बोर्ड म्हणजे मंडळ आणि बोर्ड म्हणजे जहाजावर चढणेही; स्टॉक म्हणजे दुकानातला माल, शेअर बाजारातला रोखा आणि बंदुकीचा दस्ताही. कोशात एका शब्दाखाली आकडे घालून दिलेल्या अर्थांची रांग पाहिली की ही भाषा मनमानी आहे आणि तिच्यात पाठांतराखेरीज गत्यंतर नाही, असा समज होतो. शिकवणारेही बहुधा तसेच शिकवतात. हा समज चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे. रोजच्या वापरातल्या इंग्रजी शब्दांना जे अनेक अर्थ चिकटले त्यांतले बरेचसे कामाच्या जागी चिकटले आहेत. माणसे एका ठरावीक ठिकाणी, ठरावीक वस्तू हाताळत, पिढ्यानपिढ्या एकच काम करत राहिली. वस्तूचे नाव कामाला लागले, कामाचे नाव माणसांना लागले, माणसांचे संस्थेला लागले. वस्तू मोडीत निघाली तरी नावे राहिली. हे दाखवण्यासाठी सगळा शब्दकोश चाळण्याची गरज नाही. लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टर येथे बाराव्या शतकात मांडलेले एक मेज पुरेसे आहे.

या मेजाचे वर्णन आपल्याला मिळते ते त्याच्याभोवती बसणाऱ्या माणसाकडून. रिचर्ड फिट्झनील हा राजा दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार होता, पुढे तो लंडनचा बिशप झाला. 1170च्या दशकाच्या अखेरीस त्याने लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला, 'डायलोगस दे स्काकारिओ', म्हणजे एक्सचेकरविषयीचा संवाद. गुरू आणि शिष्य थेम्स नदीकाठी बसून बोलत आहेत अशी त्याची रचना आहे. शिष्याचा पहिलाच प्रश्न, एक्सचेकर म्हणजे काय? गुरू सांगतो, ते एक मेज आहे. सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, वर ठेवलेले काही घरंगळून पडू नये म्हणून चार बोटे उंचीची कड असलेले. त्यावर एक काळे कापड अंथरतात, कापडावर उभ्या-आडव्या रेघा असतात आणि त्या रेघांमधल्या घरांत हिशेबाच्या सोंगट्या मांडतात. कापड बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते म्हणून मेजाला पटाचे नाव मिळाले. गुरू आणखी एक साम्य सांगतो. पटावर दोन राजांची लढत चालते, इथे राजाचा खजिनदार आणि परगण्याचा शेरीफ समोरासमोर बसून झुंजतात. शेरीफ वर्षातून दोनदा, ईस्टर आणि मायकेलमास या सणांच्या वेळी, वसुलीचा हिशेब द्यायला येत असे. पेनी, शिलिंग, पाउंड, विसा पाउंड, शंभर, हजार अशी एकेक घरांची ओळ. येणे एका बाजूला, भरणा दुसऱ्या बाजूला. त्या काळी इंग्लंडच्या हिशेबनिसांकडे रोमन आकडे होते, शून्य नव्हते. रोमन आकड्यांनी रक्कम लिहिता येते, बेरीज-वजाबाकी करणे महाकठीण. जे काम आपल्याकडे स्थानमूल्य आणि शून्य करत होते ते तिथे या रेघांच्या कापडाने केले. रिकामे घर हेच त्यांचे शून्य. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेरीफालाही आपली बाकी किती उरली हे डोळ्यांनी दिसत असे. एका राज्याचे अर्थखाते कापडाच्या नावाने ओळखले जावे यात नवल वाटण्यासारखे काही नाही, कारण खाते जिथे चाले ती जागा म्हणजे ते कापडच होते. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही चान्सलर ऑफ द एक्सचेकर म्हणवला जातो, म्हणजे शब्दशः बुद्धिबळपटाचा चान्सलर.

आता चेककडे यावे. फारसीतला 'शाह' म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की 'शाह!' असे सांगायची रीत होती. हा खेळ अरबांबरोबर पश्चिमेकडे गेला, लॅटिनमध्ये शब्दाचे रूप बदलले, जुन्या फ्रेंचमध्ये ते 'एशेक' झाले आणि इंग्रजीत पोचेपर्यंत चेक. त्याच मुळापासून खेळाचे नाव चेस झाले, पटाचे नाव एक्सचेकर. राजाला चेक मिळाला की त्याची वाट अडते, म्हणून चेक म्हणजे अडवणे, रोखणे. कारभारात एखाद्याला रोखायचे तर त्याच्या कामाची पडताळणी करावी लागते, म्हणून चेक म्हणजे तपासणे. पटावरच्या घरांवरून चौकडीच्या कापडाला चेक्स म्हणू लागले. राहिला बँकेतला चेक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चेक म्हणत ते पैसे देण्याच्या हुकमाच्या स्थळप्रतीला. खोटा कागद कोणी पुढे केला तर या प्रतीशी ताडून त्याला अडवता येई. स्थळप्रतीचे नाव पुढे मूळ कागदालाच लागले. इंग्रजांनी त्याचे स्पेलिंग एक्सचेकरच्या धर्तीवर बदलून घेतले, अमेरिकेने जुनेच ठेवले. शिवाय अमेरिकेत हॉटेलचे बिलही चेक आणि सामान सांभाळायला दिल्यावर मिळणारा बिल्लाही चेक. अर्थ सात-आठ झाले, पण त्यांतला एकही आकाशातून पडलेला नाही. प्रत्येकाच्या मागे एकतर पट आहे किंवा पट पाहून केलेला हिशेब. मराठी वाचकासाठी यात आणखी एक मौज आहे. हाच फारसी शाह आपल्याकडे लंडनचा वळसा न घेता थेट आला आणि शह झाला. विरोधकाला शह देणे, शह-काटशहाचे राजकारण ही आपली रोजची भाषा आहे. राजकारण्याने दिलेला शह आणि त्याच्या सहीचा चेक हे सख्खे भाऊ आहेत, एक दख्खनच्या दरबारातून आला, दुसरा वेस्टमिन्स्टरच्या मेजावरून.

मेजावर हिशेब झाला की पावती हवी. ती लाकडाची असे. हेझेलच्या झाडाची काठी घेऊन तिच्यावर रकमेच्या खाचा पाडत. किती रकमेला केवढी खाच हेही फिट्झनीलने नोंदवून ठेवले आहे. हजार पाउंडांना तळहाताच्या जाडीएवढी, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पाउंडाला पिकल्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून दोन भाग करत. दोन्ही भागांवर अर्धी-अर्धी खाच उमटलेली असे. पुढे वाद झालाच तर दोन तुकडे जुळवून पाहायचे; लाकडाचे रेषे आणि खाचा जुळल्या नाहीत तर लबाडी उघडी पडली. या काठीला टॅली म्हणत, आणि आपला हिशेबनीस आज 'टॅली झालं' म्हणतो तेव्हा तो नकळत त्या दोन तुकड्यांचे जुळणे सांगतो. भारतीय दुकानांतून ज्या संगणक-प्रणालीवर वह्या चालतात तिचेही नाव टॅलीच. चिरलेल्या काठीचा एक तुकडा मुठीसकट लांब ठेवत, त्याला स्टॉक म्हणत; आखूड पातळ तुकडा तो फॉइल. स्टॉक म्हणजे मूळचा झाडाचा बुंधा. ज्याने राजाला पैसे दिले त्याच्या हाती स्टॉक राही, म्हणजे सरकारकडून पैसे येणे असल्याचा पुरावा. 1694 साली सरकारला 12 लाख पाउंड कर्ज देण्याच्या बोलीवर बँक ऑफ इंग्लंड निघाली, आणि 1697 मध्ये तिचे भांडवल वाढवले गेले तेव्हा भागधारकांकडून बँकेच्या नोटांबरोबर मुख्यतः टॅल्याच स्वीकारल्या गेल्या. लाकडाचा स्टॉक देऊन बँकेचा स्टॉक घेतला, इतका हा व्यवहार उघड होता. शेअर बाजारातला स्टॉक या काठीवरूनच आला की बुंध्यासारखे भांडवल आणि फांद्यांसारखा नफा या कल्पनेवरून, याबद्दल अभ्यासकांत दोन मते आहेत. मला दोन्ही एकत्र नांदताना दिसतात. बंदुकीचा लाकडी दस्ता, गुन्हेगाराचे पाय अडकवायचा खोडा, दुकानातला साठा, गुरांची जात अशी स्टॉकची सारी पिलावळ त्या एका बुंध्याला येऊन मिळते.

टॅलीचा शेवट मात्र इतका नाट्यमय झाला की तो सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. 1780च्या दशकात पार्लमेंटने कायदा करून ही पद्धत बंद केली, पण तिच्यावर पोसलेल्या मानाच्या जागा त्या-त्या माणसाच्या हयातीपर्यंत चालू ठेवल्या. त्यामुळे प्रत्यक्षात टॅल्या थांबल्या 1826 मध्ये. शतकानुशतके साठलेल्या काठ्यांचे करायचे काय, हा प्रश्न उरला. 16 ऑक्टोबर 1834 रोजी त्या वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यात हाउस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या भट्ट्यांत घातल्या. दिवसभर इतक्या काठ्या कोंबल्या की धुराड्यांनी पेट घेतला आणि संध्याकाळी दोन्ही सभागृहे जळून गेली. चित्रकार टर्नरने ती आग पाहून चित्रे काढली. चार्ल्स डिकन्सने 1855 मधल्या एका भाषणात या प्रकरणाचा उल्लेख करून जुनाट कारभारावर कोरडे ओढले. आसपास राहणाऱ्या गरिबांना त्या काठ्या जळणासाठी का दिल्या नाहीत, हा त्याचा सवाल होता. आज पर्यटक ज्या बिग बेनच्या मनोऱ्याखाली छायाचित्रे काढतात ती इमारत या आगीनंतरची आहे. काठ्या जळाल्या, मेज केव्हाच गेले होते. शब्दांना मात्र आच लागली नाही.

उलट ते जगभर पसरले. एक्सचेकरचा हिशेब मेंढीच्या कातड्याच्या गुंडाळ्यांवर लिहीत, कारण मेंढीच्या कातड्यावर खाडाखोड केली की लपत नाही. मुख्य गुंडाळीची दुसरी प्रत वेगळ्या अधिकाऱ्याकडे असे. ताडून पाहण्याच्या या प्रतीला लॅटिनमध्ये म्हणत उलट-गुंडाळी, 'कॉन्त्रारोतुलुस'. फ्रेंचमध्ये तिचे 'कोंत्ररोल' झाले आणि इंग्रजीत कंट्रोल. ब्लडप्रेशर कंट्रोलमध्ये आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्यात मुळात एक दुसरी वही आहे. हिशेब मोठ्याने वाचून दाखवत आणि तो ऐकायला माणूस बसे. ऐकणारा म्हणून ऑडिटर. नाटकाची ऑडिशन आणि कंपनीचे ऑडिट यांत कान समाईक आहे. पैसे मोजून घेणारे एक्सचेकरचे कारकून टेलर म्हणवले जात, कारण टेल या क्रियापदाचा जुना अर्थ मोजणे असाही होता, सांगणे एवढाच नव्हता. बँकेच्या खिडकीमागचा टेलर गेला, त्याची जागा यंत्राने घेतली, तरी एटीएममधल्या मधल्या अक्षरात तो अजून उभा आहे. ज्या मेजावर सोंगट्या मोजत ते काउंटर, आणि त्या सोंगट्याही काउंटरच. दुकानाचे काउंटर तिथून आले.

वेस्टमिन्स्टरच्या मेजाचे वैशिष्ट्य त्याच्या कापडात होते. इतर ठिकाणची मेजे नुसत्या फळ्या होत्या, आणि त्यांचे नावही असेच कामाला आणि माणसांना लागले. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या मोठ्या घरांत जेवणाच्या वेळी लाकडी घोड्यांवर फळ्या टाकत, जेवण झाले की काढून ठेवत. फळी ती बोर्ड. फळीवरचे जेवणही बोर्ड. म्हणून पैसे देऊन जेवायला असणारा तो बोर्डर, आणि जिथे राहण्या-जेवणाची सोय ते बोर्डिंग. शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले तेव्हा खेड्यांतून आलेल्या मुलांना मिळाली ती हीच सोय. 'बोर्डिंगात राहून शिकला' हे वाक्य त्यानंतर महाराष्ट्रात किती घरांत बोलले गेले असेल! त्याच फळीभोवती सल्लामसलतीला बसणारी माणसेही बोर्ड. ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख ठेवण्यासाठी 1784 साली लंडनमध्ये जे मंडळ नेमले ते बोर्ड ऑफ कंट्रोल, आणि 1858 पर्यंत हिंदुस्थानच्या कारभाराच्या दोऱ्या त्याच्या हाती होत्या. जहाजाची बाजूही फळ्यांची. जहाजाच्या बाजूवरून आत पाऊल टाकणे म्हणजे बोर्ड करणे, आणि विमानतळावरचा बोर्डिंग पास त्या पावलाचा वारस. कोल्हापूरचे बोर्डिंग आणि विमानतळाचे बोर्डिंग यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे कोणाच्या मनातही येत नाही, तरी दोन्हींखाली फळी आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, अशा गोष्टी रचायला सोप्या असतात. दोन अर्थ घ्यावेत, मध्ये एखादी सुरस कहाणी घालावी, झाली व्युत्पत्ती. आक्षेप रास्त आहे आणि तो मनात ठेवूनच या वाटेने चालायला हवे. बँक हा शब्द इटलीतल्या सराफांच्या बाकावरून आला हे खरे. त्यांचा बाक आणि इंग्रजी बेंच एकाच जर्मानिक मुळाचे. पण दिवाळे निघालेल्या सराफाचा बाक लोक चौकात फोडत, म्हणून बँकरप्ट, ही कहाणी शब्दापेक्षा अधिक रंगतदार आहे आणि तिला पुरावा शब्दाइतका नाही. फुटलेला बाक हा बोलण्यातला अलंकारही असू शकतो. आपल्याकडेही असेच होते. फडावर बसणारा तो फडणीस असे सहज वाटते, पण तो शब्द फर्दनवीस, म्हणजे फर्द अर्थात यादी लिहिणारा, यावरून आल्याचे सांगितले जाते. शिवाय काही अर्थ मुळीच नातेवाईक नसतात. काउंटरवर पैसे भरून आपण काउंटरफॉइल घेतो, पण पहिला काउंटर मोजण्याचा आणि दुसरा विरुद्ध या अर्थाचा. दोन वेगळे लॅटिन शब्द घासून घासून एका रूपाचे झाले. वकिलांचा बार म्हणजे न्यायालयातला आडवा कठडा, आणि दारूच्या गुत्त्यातला बारही मूळचा आडवा अडसरच. मात्र हवेचा दाब मोजायचा बार ग्रीकमधल्या वजनवाचक शब्दावरून विसाव्या शतकात घडवलेला आहे, त्याचा कठड्याशी काही संबंध नाही. अशी उदाहरणे माझ्या म्हणण्याला बाध आणत नाहीत, ती त्याची हद्द आखून देतात. नाते आहे की नाही हे कानाला विचारायचे नसते, कागदाला विचारायचे असते. एक्सचेकरच्या बाबतीत कागद आहे, 1129-30 सालापासूनच्या हिशेबाच्या गुंडाळ्या आहेत, आणि त्या मेजाशी बसलेल्या माणसाचा ग्रंथ आहे. म्हणूनच मी त्या मेजापाशी गेलो. उलट, नदीचा बँक आणि पैशांची बँक ही जोडी पाठ्यपुस्तकांत योगायोगाचे उदाहरण म्हणून देतात, तिथे कागद वेगळेच सांगतो. दोन्ही शब्द इंग्रजीत वेगवेगळ्या वाटांनी आले, एक उत्तरेकडच्या नॉर्स भाषिकांकडून, दुसरा इटलीकडून. पण दोघांचे जर्मानिक मूळ एकच, उंचवट्याचे.

दुसरा आक्षेप व्याकरणाचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. इंग्रजीने मध्ययुगात विभक्तीचे आणि क्रियापदांचे बहुतेक प्रत्यय टाकून दिले. त्यामुळे नाम, क्रियापद, विशेषण यांच्या अंगावर वेगळी खूण राहिली नाही. चेक हा शब्द कोणत्याही जागी बसवता येतो. मग अर्थांची गर्दी व्हायला हे कारण पुरेसे नाही का, मेजे आणि काठ्या कशाला शोधायच्या? प्रत्यय गळाल्याने दार उघडले हे मला मान्य आहे. पण उघड्या दारातून आत कोण आले हे व्याकरण सांगत नाही. चेकमध्ये तपासणी शिरली आणि, उदाहरणार्थ, विनवणी शिरली नाही, याचे कारण पटाशी झुंजणाऱ्या खजिनदाराजवळ आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्ययांनी गच्च भरलेल्या भाषांतही हेच घडते. आपली मराठी घ्या. दप्तर या शब्दाचे मूळ ग्रीकमधल्या कातडे या अर्थाच्या शब्दात आहे. लिहिण्याचे कातडे, म्हणून लिहिलेले कागद. हा शब्द फारसीतून मराठीत आला. मराठ्यांच्या राज्यकारभारात दप्तर म्हणजे सरकारी कागदपत्रे, तसेच ती जिथे राहतात ते कार्यालयही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधून ठेवत, आणि त्या गठ्ठ्यालाही रुमालच म्हणतात. पुढे पाटी-पुस्तके बांधून शाळेत नेणाऱ्या मुलाच्या काखेतली पिशवी दप्तर झाली. आज मराठी मुलाच्या पाठीवर जे दप्तर आहे त्यात एक सचिवालय बसलेले आहे. पेढी हा बसायचा उंचवटा, मग दुकान, मग सावकारी व्यवहार करणारे घराणे. हा तर इटलीच्या बाकाचा जुळा भाऊ. मराठीत प्रत्ययांची ददात नाही, तरी अर्थ त्याच रस्त्याने चालले, बैठकीवरून व्यवहाराकडे, वेष्टनावरून कारभाराकडे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. इतिहास काहीही असो, एका शब्दाला इतके अर्थ असले तर घोटाळे होणारच. या आक्षेपाच्या बाजूने सगळ्यात मोठा साक्षीदार विन्स्टन चर्चिल आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात त्याने एक प्रसंग नोंदवला आहे. ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनी एक तातडीचा कागद तयार केला आणि तो 'टेबल' करायची इच्छा अमेरिकी सहकाऱ्यांना कळवली. ब्रिटिशांच्या भाषेत टेबल करणे म्हणजे लगेच चर्चेला घेणे. अमेरिकनांच्या भाषेत बाजूला ठेवणे. अमेरिकनांनी विरोध केला, कडाक्याचा वाद झाला, आणि बऱ्याच वेळाने लक्षात आले की दोन्ही पक्षांना एकच हवे होते. पण नीट पाहिले तर हा प्रसंग माझ्याच बाजूने बोलतो. दोन्ही अर्थ एकाच हालचालीतून निघाले आहेत, कागद मेजावर ठेवणे. एका सभागृहात मेजावर ठेवलेला कागद उचलून वाचत, दुसऱ्यात तो तिथेच पडू देत. शब्दाने दगा दिला नाही. दोन देशांच्या सभागृहांचे रिवाज वेगळे झाले होते आणि ते एकमेकांना ठाऊक नव्हते. आपण ब्रिटिश रिवाज घेतला, म्हणून विधानसभेत अहवाल 'सभागृहाच्या पटलावर' ठेवला जातो आणि त्यात कोणाचा घोटाळा होत नाही. ज्यांचे मेज एक, त्यांना शब्दाचे दहा अर्थही जड जात नाहीत. चेक भरणारा माणूस चौकडीच्या शर्टाशी त्याची गल्लत करत नाही, कारण बँकेची खिडकी आणि कपड्याचे दुकान त्याला वेगळे दिसते. आणि बोलणाऱ्याला हा इतिहास माहीत नसतो म्हणून तो निरुपयोगी, असेही कोणी म्हणेल. बोलण्यासाठी त्याची गरज नाही हे खरेच. शिकण्यासाठी मात्र आहे. ज्या विद्यार्थ्याला चेकचे आठ अर्थ आठ तुकड्यांत पाठ करायला लावले त्याला एक पट, एक अडलेला राजा आणि एक हिशेबाचे मेज दाखवले असते तर ते अर्थ एका दोरीत ओवले गेले असते.

इंग्रजांना हे कळले ते त्यांनी आपल्या शब्दांचे कागद जपले म्हणून. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला, शेवटचा 1928 मध्ये. हजारो वाचकांनी जुनी पुस्तके चाळून प्रत्येक अर्थासाठी तारखेसह वाक्ये पाठवली, आणि अर्थांची ती मनमानी वाटणारी रांग काळाच्या क्रमाने लावून दिली. कोश पुरा झाला त्याच 1928 मध्ये, डिसेंबरात, भारतातल्या क्रिकेटसाठी बोर्ड ऑफ कंट्रोल स्थापन झाले; एक फळी आणि एक उलट-गुंडाळी मिळून झालेले हे नाव आज मुंबईत वानखेडे स्टेडियमच्या आवारात नांदते आहे. मराठीत मोल्सवर्थच्या कोशाने 1831 मध्ये अर्थांचा प्रचंड साठा एका जागी आणला, दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने तो वाढवला, आणि शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांनी यादवकाळापर्यंतच्या जुन्या मराठीचा कोश उताऱ्यांच्या आधाराने 1999 मध्ये पूर्ण केला. त्यानंतरची शतके, सुलतानी, शिवशाही, पेशवाई आणि कंपनी सरकार यांची, रुमालांत बांधलेली आहेत. मोडी वाचता येणाऱ्या तरुण अभ्यासकांना एकच विनंती करावीशी वाटते. त्या कागदांतून राजकारण शोधताना दप्तर, पेढी, फड, शह हे शब्द कोणत्या साली कोणत्या अर्थाने आले आहेत, तेही तारखेसह टिपून ठेवा.